चेहऱ्याची आग आणि मेडिकलवरची ट्यूब

पत्र:

मॅडम, मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय २४. मुलगी सव्वा वर्षाची आहे, अजून अंगावर पिते. बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आले. नात्यातल्या एका लग्नात बायका तोंडावर बोलल्या, म्हणून मेडिकलमधून गोरं व्हायची ट्यूब आणली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. पाच महिने लावली. आता एक दिवस जरी नाही लावली तरी तोंड लालबुंद होतं, आग होते, बारीक पुटकुळ्या येतात. हनुवटीवर लवही वाढली. घाण साचत असेल म्हणून दिवसातून चार-पाच वेळा साबणानं तोंड धुते, मधूनमधून लिंबू-बेसन लावते. जाऊबाई म्हणतात रक्त खराब झालं, रक्तशुद्धीची बाटली घे. सध्या कापूस वेचायला जाते, वावरात तर जीव नकोसा होतो. एखादा चांगला फेसवॉश सांगा. मला तुमची लेकच समजा.

उत्तर:

बेटा, लेक समजा म्हणालीस, म्हणून सरळ अगंतुगंच करते.

तू फेसवॉश विचारलास. त्याचं उत्तर आधी देते, कारण आजपासूनच करण्यासारखी तेवढी एक गोष्ट आहे: पुढचे काही आठवडे तुझ्या चेहऱ्याला कोणताही नवा फेसवॉश नको. साबण बंद कर. लिंबू बंद, बेसन बंद, दगड किंवा काथ्या घासणं तर अजिबातच नको. तुझ्या तोंडावर घाण साचलेली नाही. तुझी कातडी जखमी झाली आहे, आणि दिवसातून पाच वेळा तू त्या जखमेवर साबण चोळते आहेस. आग होते म्हणून तू धुतेस, आणि धुतेस म्हणून आणखी आग होते. हे चक्र तोडलं नाही तर बाजारातला सगळ्यात महाग फेसवॉशही तुझं भलं करणार नाही.

कातडीचा सगळ्यात वरचा थर केसाहूनही पातळ असतो. मेलेल्या पेशींचे थर आणि त्यांच्या मधोमध शरीरानंच तयार केलेली चरबी, असा तो बनलेला असतो. त्यानंच आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरची धूळ, घाम, औषधं बाहेर राहतात. आपल्याकडच्या मातीच्या घरातलं सारवण आठव. सारवण शाबूत आहे तोवर जमीन धरून राहते, ते रोज खराट्यानं खरवडलं तर खालची माती उडायला लागते. तुझ्या गालांचं सारवण निघून गेलं आहे. म्हणून साधं पाणी लागलं तरी झोंबतं, उन्हाची तिरीप लागली तरी तोंड लाल होतं.

या थराला किंचित आंबटपणा लागतो. पीएच म्हणून एक मोजमाप असतं, त्यात ७ च्या खाली आंबट आणि वर गेलं की त्याच्या उलट, क्षारी. निरोगी चेहऱ्याची कातडी ५ च्या आसपास असते. अंगाला लावायचा नेहमीचा साबण ९ ते १० असतो, मग तो चंदनाचा असो, कडुलिंबाचा असो की लहान मुलांच्या नावानं विकला जाणारा असो. एकदा साबण लावला की कातडीला मूळ आंबटपणावर यायला काही तास लागतात. तू तर ते तास संपायच्या आत पुन्हा साबण हातात घेतेस. लिंबाचं याच्या उलट आहे. त्याचा रस इतका आंबट की सोललेल्या कातडीला चटका बसतो, आणि लिंबू लावून उन्हात गेलं की रसातली काही द्रव्यं उन्हाशी मिळून भाजल्यासारखे डाग पाडतात. ते डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. वांग घालवायला लावलेलं लिंबू नवे काळे डाग देऊन जातं, हे मी ओपीडीत पुन्हा पुन्हा पाहते आणि दर वेळी वाईट वाटतं.

तुझ्या भागाची आणखी एक अडचण आहे, तिच्याविषयी कुणी बोलत नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत जो खारपाण पट्टा पसरला आहे, त्यात दर्यापूर येतं. तिथल्या बोअरच्या आणि विहिरींच्या पाण्याची चव तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्या पाण्यातले क्षार साबणाशी मिळाले की पांढरा चिकट साका तयार होतो, बादलीच्या कडेला बसतो तोच. फेस येत नाही म्हणून बाई आणखी साबण लावते, आणखी चोळते, आणि तो साका पुरता धुतलाही जात नाही. कातडीवर बसून राहतो आणि खाज आणतो. शहरातल्या पाण्याचा विचार करून लिहिलेले सल्ले तुला लागू पडत नाहीत ते यामुळं.

तेव्हा धुण्याचं असं कर. सकाळी उठल्यावर साबणाशिवाय नुसत्या पाण्यानं तोंड धू. थंडी पडायला लागली म्हणून चुलीवर गंज चढवून कढत पाणी काढलंस तरी ते अंगाला घे, तोंडाला नको. चेहऱ्यासाठी पाणी हाताला ना गरम ना गार लागलं पाहिजे. नळाला धरणाचं गोड पाणी येत असेल तर तेच वापर. येत नसेल तर पिण्याच्या पाण्यातलं एक तांब्याभर बाजूला काढ आणि शेवटचं धुणं तरी त्यानं कर. पाण्याची मारामार असताना तोंडासाठी पिण्याचं पाणी काढायला तुझा हात धजणार नाही हे मला ठाऊक आहे, पण एक तांब्या पुरतो. नंतर जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा गालावर नुसता टेकवून पाणी टिपून घे. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही.

संध्याकाळी वावरातून आल्यावर घाम, धूळ, कापसाचं तूस तोंडावर असणारच. तेव्हाही पहिले दोन आठवडे नुसतं पाणी पुरेल. आग थोडी शमली की मग संध्याकाळच्या एका वेळेसाठी सौम्य धुण्याची वडी किंवा लोशन आण. वेष्टनावर ‘सोप-फ्री’ किंवा ‘सिंडेट’ लिहिलेलं असतं, आणि घटकांत बहुतेक वेळा सोडियम कोकोइल आयसेथायोनेट हे नाव सापडतं. फेस कमी येतो, धुतल्यावर तोंड ‘चरचरीत स्वच्छ’ वाटत नाही, आणि तसं वाटायलाही नको. ते चरचरणं म्हणजे चरबी निघून गेल्याची खूण. ज्याच्यावर मेंथॉल, परफ्यूम, स्क्रब, सॅलिसिलिक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन सी, ब्राइटनिंग यांपैकी काहीही लिहिलं असेल ते ठेवून दे. निरोगी चेहऱ्याला यातलं काही चालतं, तुझ्या चेहऱ्याला सध्या चालणार नाही. वडीच्या बाबतीत दुकानदार म्हणेल, नवी आलीय, सगळ्या घेतात. तू घटक वाच.

वडी किंवा लोशन लावायचं ते बोटांच्या टोकांनी, हलक्या हातानं, अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही. डोळ्यांभोवती तर नकोच.

तोंड टिपल्यावर कातडी अजून ओलसर आहे तोवर साधी पांढरी पेट्रोलियम जेली लाव, अगदी पातळ थर. रंग नाही, वास नाही अशीच घे. कातडीतून उडून जाणारं पाणी अडवण्यात हिच्यासारखं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही नाही, आणि झोंबतही नाही. पुटकुळ्या आहेत तर तेलकट कसं लावू, असं तुला वाटेल. तुझ्या पुटकुळ्या तेलानं आलेल्या नाहीत, त्याचं कारण पुढं सांगते. दुपारी उन्हात घाम फार येत असेल तर सकाळी अगदी नावापुरती लाव आणि रात्री नीट लाव. खोबरेल तेल अंगाला, हातापायांना उत्तम. पुटकुळ्यांच्या चेहऱ्यावर मात्र ते छिद्रं बुजवू शकतं, म्हणून तोंडाला नको. ऑलिव्ह तेल महाग म्हणून चांगलं असेल असं समजू नकोस, त्यातलं ओलेइक आम्ल हा वरचा थर आणखी सैल करतं. ग्लिसरीन लावायचंच तर तेवढ्याच पाण्यात मिसळून, नुसतं लावलं तर चरचरतं.

आग फार झाली तर स्वच्छ मलमलीचं किंवा जुन्या धोतराचं फडकं गार पाण्यात बुडवून पिळ आणि दहा मिनिटं तोंडावर ठेव, दिवसातून दोन-तीनदा. बर्फ थेट लावू नकोस. फडकं काढल्यावर लगेच जेली. कोरफड लावू का, असं पुढं विचारशील म्हणून आत्ताच सांगते: पान कापल्यावर सालीखालून पिवळा चीक निघतो, तोच अनेकींच्या तोंडावर भडका उडवतो. सध्या राहू दे. हळद, मुलतानी माती, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, तुरटी, सगळ्यांना हेच उत्तर. घरातलं आहे म्हणून निर्धोक, असा कातडीचा हिशोब नसतो.

आता ट्यूबकडे वळू. खरं दुखणं तिच्यात आहे.

तू तिचं नाव लिहिलं नाहीस, पण लक्षणं वाचून मला फारशी शंका नाही. पंधरा दिवसांत उजळणं, मग सोडली की भडका, बारीक पुटकुळ्या, लव वाढणं, हे सगळं चेहऱ्यावर महिनोन्‌महिने स्टेरॉइड, म्हणजे सूज-खाज दाबणारं कडक औषध, लावल्याचं चित्र आहे. ट्यूब घे आणि बारीक अक्षरांतली नावं वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं दिसेल. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असली तर ती तीन औषधांची एकत्र ट्यूब. या तिघांची जोडी १९७५ साली अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांनी वांगासारख्या काळ्या डागांसाठी मांडली होती, तेव्हा औषध खोटं नाही. पण ते डॉक्टरच्या नजरेखाली, थोड्या आठवड्यांसाठी, रात्री, फक्त डागावर लावायचं असतं. आपल्याकडे तेच पावडर-स्नोसारखं पूर्ण तोंडाला महिनोन्‌महिने लावलं जातं.

स्टेरॉइड लावलं की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि सूज बसते. म्हणून तोंड फिकट, नितळ दिसतं. ते गोरेपण नव्हे. आतून मात्र कातडी पातळ होत जाते, तिची स्वतःची बांधणी मंदावते. औषध थांबलं की आकसलेल्या वाहिन्या एकदम फुलतात, तोंड लाल होतं, तापतं, पुटकुळ्या उठतात. घाबरून बाई पुन्हा तीच ट्यूब लावते, तासाभरात बरं वाटतं, आणि ट्यूबवाचून चालेनासं होतं. भारतात हे इतकं पसरलं की आपल्याच त्वचातज्ज्ञांनी २००८ मध्ये त्याला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं वेगळं नाव दिलं. २०१८ मध्ये सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकताच येत नाहीत. तरी तुला ती नुसती मागून मिळाली. यात तुझी चूक मी मानत नाही. तू औषधाच्या दुकानात गेलीस, औषध मागितलंस, आणि देणाऱ्यानं पैसे घेऊन हे हातात ठेवलं. त्यानं द्यायला नको होतं.

ट्यूब आता एकदम सोडायची की हलक्या औषधावर येत येत उतरवायची, हे आत किती कडक स्टेरॉइड आहे त्यावर ठरतं आणि ते त्वचेच्या डॉक्टरांनी तुझा चेहरा पाहूनच ठरवायचं. म्हणून हे काम या आठवड्यातच कर. वेचणीची मजुरी एक दिवस बुडेल, बुडू दे. डॉक्टर बहुधा स्टेरॉइड नसलेलं सूज उतरवणारं मलम देतील, गरज पडली तर पुटकुळ्यांसाठी पोटातून गोळ्या. बाळ अंगावर पितं हे पहिल्या वाक्यात सांग, कारण त्यावर गोळ्या बदलतात. पुन्हा दिवस जाण्याचा विचार असेल तर तेही सांग. ट्यूब सुटल्यावर पहिले दोन-तीन आठवडे चेहरा आत्तापेक्षा वाईट दिसू शकतो. तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणेल, आधीचंच बरं होतं, लाव पुन्हा. तिथं तुला ठाम राहायचं आहे. काही आठवडे, कुणाकुणाला काही महिने लागतात, पण बहुतेकींचा चेहरा सावरतो. लव हळूहळू कमी होते. एखादी बारीक लाल रेघ राहून जाते.

ट्यूब लावलेला गाल बाळाच्या गालाला लागू देऊ नकोस. लहान लेकराची कातडी औषध पटकन ओढून घेते. लावल्यावर हातही धू.

आणि ती ट्यूब घरात फिरते का ते बघ. नवऱ्याच्या जांघेतल्या गजकर्णाला, सासूच्या हाताच्या खाजेला, तीच. गजकर्णावर स्टेरॉइड लावलं की खाज थांबते आणि बुरशी खालून पसरत जाते, मग साधं औषध लागू पडत नाही. घरोघरी हे होतंय.

तुझ्या पत्रात ट्यूब आहे म्हणून निदान आत काय आहे ते वाचता तरी येईल. काही बायका ब्युटी पार्लरमधून किंवा बाजारातून बिननावाची डबी आणतात, तिच्यावर घटकच नसतात. तुझ्याकडे किंवा तुझ्या मैत्रिणीकडे अशी डबी असेल तर ती आजच्या आज बंद करायची. गोरं करणाऱ्या अशा क्रीममध्ये पारा निघालेला आहे. तुझ्या शेजारच्या अकोल्यातच एका घरातल्या आई आणि दोन मुली अशी क्रीम लावून मूत्रपिंडाच्या आजारानं पडल्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासली तेव्हा पारा सापडला, आणि २०२३ च्या सुरुवातीला ती बातमी सगळीकडे आली. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही त्याच वर्षी अशाच क्रीमनं मूत्रपिंडं बिघडलेले रुग्ण आढळले. पारा कातडीतून आत जातो. लघवीला फार फेस येणं, सकाळी डोळ्यांखाली किंवा पायांवर सूज, ही त्याची चिन्हं. अशी डबी वापरलेल्या बाईनं लघवीची तपासणी करून घ्यावी, प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होते.

वावरात जीव नकोसा होतो म्हणालीस. सोललेल्या कातडीला ऊन, घाम आणि वारा लागला की होणारच. पण तिथं आणखी दोन गोष्टी तपास.

धुऱ्यावर आणि पडीक तुकड्यात गाजर गवत आहे का? असेलच. परदेशी धान्याबरोबर आलेलं हे गवत १९५० च्या दशकात पुण्याकडे दिसलं आणि आता देशभर आहे. त्याची लव आणि सुकलेला भुगा हवेतून तोंडावर बसतो, आणि त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची काहींना कडक अ‍ॅलर्जी येते. ती ओळखायची खूण सांगते. नुसत्या उन्हानं तोंड भाजलं तर पापण्यांची घडी, कानामागचा भाग आणि हनुवटीखालची सावलीतली जागा वाचते. गाजर गवताच्या अ‍ॅलर्जीत नेमक्या याच जागा, शिवाय मानेच्या आणि कोपराच्या घड्या, खाजतात आणि जाड होतात. तुझ्या पापण्या आणि कानामागची जागा घरातल्या कुणाला तरी उजेडात पाहायला सांग, आणि डॉक्टरांना ते आठवणीनं दाखव. तसं असेल तर गवत उपटण्याचं काम तुझ्याकडे नको, जाळण्याच्या धुराजवळ तर उभीसुद्धा राहू नकोस.

दुसरी फवारणी. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन या जातीची औषधं तोंडाला लागली की काही तासांनी मुंग्या येऊन आग होते, घाम आला किंवा गरम पाणी लागलं की ती वाढते, आणि साधारण एका दिवसात आपोआप उतरते. तू पंप भरायला पाणी देतेस का, नवऱ्याचे फवारणीचे कपडे हातानं धुतेस का, शेजारच्या वावरात फवारणी चालू असताना वेचतेस का? असं असेल तर ते कपडे वेगळे भिजव, हातात रबरी मोजे घाल, आणि फवारलेल्या वावरात डब्यावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय वेचायला जाऊ नकोस. आगीबरोबर मळमळ, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडाला लाळ, श्वास अडणं असं काही झालं तर तो कातडीचा प्रश्न राहिला नाही, थेट दवाखाना गाठायचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. त्यांच्यापैकी कितीजणांनी आधी ‘होईल बरं’ म्हणून घरीच वाट पाहिली असेल, हा विचार मला सोडत नाही.

तोंड बांधायला नायलॉनचा छापील स्कार्फ नको. पांढरं किंवा फिकं जुनं सुती कापड घे, सैल बांध, आणि धुण्याच्या पावडरीचा अंश राहणार नाही इतक्या वेळा साध्या पाण्यातून काढ. तुझ्याकडच्या पाण्यात एकदा खळबळून पावडर निघत नाही. घामानं भिजलं की दुपारी दुसरं बांध. डोक्यावर रुंद काठाची टोपी मिळाली तर सोनं, बाई टोपी घालते म्हणून हसणाऱ्यांना हसू दे. शक्य असेल तर अकरा ते तीन झाडाखाली राहा. सनस्क्रीन आत्ता लावलंस तर झोंबेल. कातडी शांत झाली की झिंक ऑक्साइड असलेलं, बिनवासाचं घे. घरी चुलीशी बसताना तोंड धगीच्या बाजूला ठेवू नकोस, नुसत्या उष्णतेनंही हा चेहरा सध्या लाल होतो.

जाऊबाईंना सांग की रक्त खराब झालेलं नाही. मुरूम, वांग, स्टेरॉइडचा भडका, यातलं काही रक्ताच्या मळानं होत नाही. रक्तशुद्धीच्या बाटलीचे पैसे वाचव आणि त्यात अंडी, जवसाची चटणी, शेंगदाणे, हिरवी भाजी आण. अंगावर पाजणाऱ्या बाईला त्याची गरज आहे. तिखट, वांगी, आंबट सोडायचं काही कारण नाही. झणझणीत खाल्ल्यावर तोंड तापून लाल होत असेल तर तेवढे दिवस तिखट जरा कमी घे, बस.

वांगाबद्दलही एक सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. गरोदरपणात शरीरातल्या संप्रेरकांमुळं कितीतरी बायकांना वांग येतात. तो आजार नव्हे, पाप नव्हे, आळसाची खूण तर नव्हेच. अनेकींचे बाळंतपणानंतर वर्षभरात आपोआप फिकट होतात, उन्हापासून जपलं तर आणखी. राहिले तरी त्यावर नीट उपचार आहेत, पण ते भडका शमल्यानंतर. त्या लग्नात तुझ्या तोंडावर बोलणाऱ्या बायकांचा मला मनापासून राग आला. एका बाळंतिणीला मूल कसं आहे हे विचारायचं सोडून तिच्या गालांचा रंग काढायचा, आणि त्या एका वाक्यापायी तिनं पाच महिने औषधानं कातडी जाळून घ्यायची. आपल्या पोरींचं हे नुकसान थांबायला हवं.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र आठवडाही थांबू नकोस. डोळे सुजून बंद होणं, पाणी किंवा पू वाहणं, पिवळी खपली, ताप, मोठे फोड. उन्हात गेल्यावर नाकापासून दोन्ही गालांवर लाल पट्टा आणि सोबत सांधेदुखी, तोंडात फोड, केस गळणं असेल तर तो वेगळा आजार असू शकतो, त्याची रक्ततपासणी लागते. आणि चेहऱ्यावर किंवा अंगावर फिकट चट्टा असून तिथं स्पर्श कळत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखव. कुष्ठरोगाची औषधं तिथं मोफत मिळतात आणि वेळेत घेतली तर माणूस पूर्ण बरा होतो. तुझ्या पत्रावरून तुला यातलं काही आहे असं वाटत नाही, पण हे पान वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला असेल.

दाखवायला कुठं जायचं? अमरावतीचं जिल्हा रुग्णालय किंवा अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय, तुला जे सोयीचं. त्वचेची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते आशाताईकडून फोन करून विचारून घे, नाहीतर चक्कर फुकट जाते. जाणं जमतच नसेल तर आरोग्य केंद्रातून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जाताना आत्तापर्यंत तोंडाला लावलेलं सगळं एका पिशवीत घाल: ट्यूब, डबी, साबण, तेल, पावडर, रिकामं खोकंसुद्धा. त्या सकाळी तोंडाला काही लावू नकोस. चेहरा संध्याकाळी जास्त लाल होत असेल तर तेव्हाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेव, कारण ओपीडीत सकाळी तो भडका दिसणार नाही.

डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवरची नावं आणि त्या जुन्या ट्यूबवरची नावं उतरवून मला पाठव. काय कधी लावायचं यात गोंधळ झाला तर तेही लिही, मी उत्तर देईन.